गिटार शिकताना या चुका टाळा: कूलर, एफ कॉर्ड आणि रिकामा बसलेला कान

एप्रिल अर्धा झाला की नागपुरात गिटार शिकणाऱ्या पोरांच्या तक्रारी बदलतात. "सर, तारा खरखर करून राहिल्या." "काल बरोबर होती, आज आपोआप बेसूर झाली." शिकणाऱ्याला वाटतं आपलं बोट चुकतंय, घरच्यांना वाटतं दुकानदारानं फसवलं. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकीचा असतो. गिटारवर काहीही बिघडलं की दोष बोटांना द्यायचा आणि तोच तुकडा शंभरदा घासायचा, ही माझ्या मते शिकणाऱ्यांची सगळ्यात महागडी सवय. दोष लाकडात असेल किंवा कानात असेल तर बोटं घासून काही होत नाही.

कूलरसमोर ठेवलेली गिटार

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारची हवा कोरडीठाक असते. लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याच्या बरंच खाली गेलं की लाकूड आकसतं. फिंगरबोर्ड (तारांखालची लांब लाकडी पट्टी) आकसला की त्यावरच्या धातूच्या आडव्या फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येतात आणि हात सरकवताना बोचतात. वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटच्या जवळ येतात आणि खरखर सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये नेमकं उलट होतं. फळी फुगते, तारा उंच उठतात आणि उन्हाळ्यात सहज वाजणारी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबताना घाम फुटतो. गिटार तीच असते, बोटंही तीच.

यात आपली खास नागपुरी भर म्हणजे कूलर. खोलीत जागा कमी, म्हणून गिटार कूलरच्या झोतात भिंतीला टेकवलेली. रात्रभर ओलसर वारा, दुपारी कूलर बंद, पुन्हा भट्टी. सततच्या कोरडेपणाइतकाच हा चढउतार लाकडाला घातक असतो, आणि स्टीलच्या तारा गंजतात ते वेगळंच. आणखी एक गंमत पाहा: कूलर लावल्यावर तारा थंड होऊन आखडतात आणि सूर थोडा चढतो. म्हणून आल्या आल्या ट्यून करू नका. कूलर सुरू करून दहा-पंधरा मिनिटं गिटार खोलीत राहू द्या, मग ट्यून करा.

उपाय खर्चिक नाही. वाजवून झालं की गिटार केसमध्ये किंवा जाड बॅगेत ठेवायची. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात नीट पिळलेला ओला स्पंज ठेवायचा, डबी बॅगेत टाकायची. पाणी ठिबकता कामा नये. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या. आणि सीताबर्डीला खरेदीला गेलात तर गिटार उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये सोडू नका. आतली उष्णता सरस मऊ करते आणि ब्रिज (बॉडीवर तारा अडकवलेली पट्टी) उचलला जातो. ही दुरुस्ती नवशिक्याच्या गिटारच्या किमतीएवढीही होऊ शकते.

खरखर नेमकी कुठे आहे ते पाहिलं की कारण बरंचसं कळतं. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर असेल तर नेक (गिटारची लांब दांडी) जास्त सरळ झाली असावी. एकाच जागी येत असेल तर पुढचा एखादा फ्रेट उंच आहे. नेक तपासायला जाडी तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक बॉडीला मिळते तिथे, अशी दोन्हीकडे दाबा आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली फट दिसते का पाहा. पाव मिलिमीटरच्या आसपास फट असली तर ठीक. अजिबात नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) सैल करावा लागेल, पण तो तुम्ही फिरवू नका. माहीतगार माणूस पाव आट्यानं फिरवतो आणि थांबून पाहतो. यूट्यूब पाहून पोट्टे पूर्ण आटा फिरवतात.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा चढवू नका. स्टीलच्या तारांचा ताण खूपच जास्त असतो आणि ती गिटार तेवढा ताण सोसायला बांधलेलीच नसते.

ट्यूनर हिरवा झाला, तरी बेसूर

ट्यूनर ॲप हिरवं झालं म्हणजे गिटार सुरात, असं नाही. आधी ॲपमध्ये ए ४४० हर्ट्झ आहे ना ते बघा. कुणाचं तरी बोट लागून ते ४३२ झालेलं असतं आणि मग क्लासमध्ये एकटी तुमचीच गिटार खाली. दुसरं, तार नेहमी खालून वर आणून ट्यून करा. सूर चढला असेल तर आधी उतरवा, मग चढवत थांबा. वरून खाली आणून सोडलेली तार खुंटीत ढिली राहते आणि दोन गाण्यांत घसरते.

पाचव्या फ्रेटची जुनी पद्धत (एक तार तिथे दाबून पुढची तिच्याशी जुळवायची) शिकताना एक घोटाळा ठरलेला: जी तारेवरून बी तार लावताना पाचवा नाही, चौथा फ्रेट. बाकी सगळीकडे पाचवा.

ज्यांचे कान गाण्यानं तयार झालेत त्यांना एक वेगळाच त्रास होतो. जी कॉर्डमध्ये बी तार जरा चढी वाटते, म्हणून ते ती किंचित उतरवतात. जी गोड होतो, पण लगेच ई कॉर्ड कडू लागते. यात तुमच्या कानाची चूक नाही. तानपुऱ्यावर ऐकू येणारा गंधार आणि गिटारचा गंधार यांत सुमारे १४ सेंटचा (एका फ्रेटच्या अंतराचे १०० सेंट) फरक आहे, कारण गिटारवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. हार्मोनियमवर हीच तडजोड असते. प्रत्येक कॉर्डला थोडा दोष मान्य करून सगळ्या पट्ट्या वाजवता येतात. तेव्हा एका कॉर्डसाठी तारा पिळत बसू नका.

"सर, एफ काही जमून नाही राहिला"

एफ, म्हणजे पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर तारांवर आडवं टेकवून धरायची कॉर्ड, न जमल्यानं गिटार माळ्यावर गेलेली घरं या शहरात किती असतील देव जाणे. बोटांत ताकद नाही, असंच सगळ्यांना वाटतं आणि ते स्प्रिंगचे ग्रिपर दाबत बसतात. ताकदीचा प्रश्न क्वचितच असतो. आधी ही चाचणी करा: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि तोच एफचा आकार एक घर पुढे धरा. अचानक सोपं झालं? मग तुमच्या नटच्या खाचा उंच आहेत. दुरुस्ती करणाऱ्याकडे दहा मिनिटांचं काम आहे आणि तुम्ही सहा महिने स्वतःला दोष देत बसला होता.

कॅपो लावूनही जड जात असेल तर मग हात बघा. पहिलं बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूच्या हाडाळ कडेवर थोडं वळवा आणि फ्रेटच्या अगदी मागे टेकवा. अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर. चिमटीनं सगळा जोर लावायची गरज नाही, दंडाचं वजन मागे ओढलं की अर्धं काम होतं. सरावही पहिल्या फ्रेटवर नको. पाचव्या फ्रेटवर सुरू करा, तिथे तारा सहज दबतात. मग एकेक फ्रेट मागे या.

बोटांच्या टोकांचं दुखणं काही आठवड्यांत घट्टे पडले की जातं. मनगट, कोपर किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर मात्र "सहन कर, होईल" हा सल्ला ऐकू नका. तिथेच थांबा आणि मनगट किती वाकतंय ते आरशात पाहा. डाव्या हाताची नखं कापलेली हवीत, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

कॉर्ड बदलताना थांबणारा उजवा हात

हे थोडक्यात. उजवा हात खालीवर हलत राहिला पाहिजे, कॉर्ड वेळेत बसो न बसो. चुकीची कॉर्ड वेळेवर आली तर श्रोता माफ करतो, बरोबर कॉर्ड उशिरा आली तर गाणं पडतं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० वर ठेवून आठ मात्रांचा केरवा तोंडानं म्हणत हात हलवा. भजनी मंडळात टाळ धरलेल्या मुलाला हे पहिल्या दिवशी येतं. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी घाईनं चार कॉर्ड पाठ केलेल्याला वर्षभर येत नाही.

थिअरीला घाबरणं, किंवा पाठ करणं

दोन्ही चुकाच. मराठी घरातल्या मुलाला सारेगम येतं आणि तरीही तो मेजर स्केलचे पॅटर्न चित्रासारखे घोकतो, हे मला कधीच कळलेलं नाही. एका तारेवर सा धरा आणि तिथून २, ४, ५, ७, ९, ११, १२ फ्रेट पुढे जा. हा बिलावल, हाच मेजर स्केल. तोंडानं म्हणत वाजवा. मग कॉर्ड म्हणजे काय ते आपोआप उलगडतं: सा-ग-प मेजर, सा-कोमल ग-प मायनर. जी पट्टीत सी कॉर्ड म्हणजे म-ध-सा, डी म्हणजे प-नी-रे, ई मायनर म्हणजे ध-सा-ग. धुनेचा जो सूर समेवर थांबतो तो कोणत्या कॉर्डमध्ये आहे ते पाहायचं. अर्धं गाणं तिथेच सुटतं.

इथे एक चूक फार होते. यमनमधल्या गाण्याखाली जी, सी, डी या ठरलेल्या तीन कॉर्ड लावतात आणि मग "कॉर्ड बरोबर आहेत, पण गाणं बसून नाही राहिलं" म्हणतात. जीला सा धरलं तर यमनचा तीव्र मध्यम सी शार्प होतो आणि सी कॉर्डमध्ये शुद्ध मध्यम आहे. दोघं भांडणारच. तिथे ए मेजर लावून पाहा: रे, तीव्र म, ध. लगेच मोकळं वाटतं. एला सा धरलं तर काफीसारख्या धुनेला ए मायनर आणि डी मेजर चांगली साथ देतात. ईला सा धरून भैरवीसाठी ई मायनर आणि एफ. मैफल ज्या रागानं संपवतात त्याच्यासाठी तो छळणारा एफ इतका कामाचा आहे, हे ऐकून काही मुलं सरावाला परत बसतात.

पेंटॅटोनिकचंही (पाच सुरांच्या स्केलचंही) तसंच. मेजर पेंटॅटोनिकचे सूर भूप रागाचे आहेत, पण मायनर पेंटॅटोनिकला सर्रास मालकंस म्हणतात, ते चूक. मालकंसात पंचम नाही, कोमल धैवत आहे. मायनर पेंटॅटोनिकमध्ये पंचम आहे, ते सूर धानी रागाचे.

गायकाची साथ करताना कॅपोचा हिशेबही असाच डोक्यात असावा. गाणारा "काळी एक" म्हणाला तर सीचे आकार आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर, किंवा एचे आकार आणि कॅपो चौथ्यावर. "काळी पाच"ला जीचे आकार, कॅपो तिसऱ्यावर. "पांढरी चार"ला डीचे आकार, कॅपो तिसऱ्यावर. कॅपो फ्रेटच्या लगेच मागे लावा. घराच्या मधोमध लावला तर तारा ओढल्या जातात आणि सूर चढतो, आणि मग शिव्या बिचाऱ्या ट्यूनरला.

कानाला काम न देणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी. कॉर्ड लिहिलेली पानं उघडायची, वाचायची, वाजवायची. दोन वर्षांनी त्या मुलाला पन्नास गाणी येतात आणि एकही ओळखता येत नाही. त्या पानांवर पट्टीही बरेचदा चुकलेली असते, पण कान रिकामा असल्यामुळे कळत नाही.

माझा क्रम असा. नवं गाणं हातात न घेता आधी गुणगुणा आणि शेवटी आवाज जिथे स्वस्थ बसतो तो सूर जाड्या तारेवर शोधा. बहुतेक वेळा तोच सा असतो. मग गाणं पुन्हा लावा आणि फक्त बेस (सगळ्यात खालचा, जाडा सूर) ऐका: तो 'सा'वरून कधी हलतो, कुठे जातो. म आणि प एवढी दोनच ठिकाणं आधी ओळखायची. कॉर्ड मेजर की मायनर हे डोक्यानं ठरवू नका, त्यावर शुद्ध गंधार गाऊन पाहा. बोचला तर कोमल गा. एवढं झाल्याशिवाय गिटारवर कॉर्ड धरायची नाही. गती जड जात असेल तर व्हिडिओ ०.७५ वर लावा, सूर बदलत नाही.

सुरांमधली अंतरं ओळखायला लावणारी ॲप वाईट नाहीत, पण त्यातले सूर सुटे येतात, गाण्यातले सूर 'सा'वर उभे असतात. त्यापेक्षा फोनवर तानपुरा लावून एक सूर गा, मग तो तारेवर शोधा. आधी गळा, मग फ्रेट. उलटं केलं तर तो कानाचा सराव राहत नाही. गळा चांगला नसला तरी चालतं, बेसूर गाणाऱ्यालाही आपण वर आहोत की खाली हे तानपुऱ्यासोबत कळायला लागतं.

आणि आठवड्यातून एकदा स्वतःचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका. वाजवून झाल्या झाल्या कान बोटांच्या बाजूनं असतो. दुसऱ्या दिवशी ऐकलं की कुठे हात थांबला, कोणती तार मेली, कुठे 'बी'ची तार उतरली होती हे मास्तरांनी सांगायची गरज पडत नाही.