मंगळ वक्री होतो तेव्हा: आधी कागदावर, मग आकाशात

वक्री झालेला मंगळ रात्रभर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसेल, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तसं काही होत नाही. वक्री मंगळही रोज पूर्वेलाच उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. बदलते ती ताऱ्यांमधली त्याची जागा. एरवी ती दिवसागणिक पूर्वेकडे सरकते, वक्री काळात पश्चिमेकडे. मंगळ मात्र आपल्या कक्षेत कधीच उलटा फिरत नाही. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किमी वेगाने जाते, मंगळ २४ किमी. साधारण दर ७८० दिवसांनी पृथ्वी त्याला गाठून पुढे निघते, आणि त्या सुमारास आपल्या नजरेची रेषा उलट बाजूला फिरते. हे तासाभरात स्वतः काढून बघता येतं.

ए-फोर कागद उभा धरा. खालच्या कडेपासून २ सेंमी वर, मधोमध सूर्याचा बिंदू द्या आणि तिथून सरळ वर मध्यरेषा ओढा. सूर्य केंद्र धरून १० सेंमी त्रिज्येचा कंस पृथ्वीसाठी, १५.२ सेंमीचा मंगळासाठी. शाळेतला कंपास एवढा उघडला नाही, तर पुठ्ठ्याच्या पट्टीला दोन भोकं पाडा. एकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिल.

१५ दिवसांत पृथ्वी जवळपास १५ अंश पुढे जाते, मंगळ ८ अंश. मध्यरेषा जिथे दोन्ही कंसांना छेदते तिथे ६ लिहा. ही प्रतियुती: सूर्य, पृथ्वी, मंगळ एका रेषेत. पृथ्वीच्या कंसावर दर १५ अंशांनी डावीकडे ७ ते ११ आणि उजवीकडे ५ ते १ असे बिंदू घ्या. मंगळाच्या कंसावरही तसेच, पण दर ८ अंशांनी. आता १ ला १, २ ला २ असे बिंदू जोडा. डावीकडे पूर्व समजायची.

बहुतेकांचं चुकतं ते यापुढे. या रेषा कागदाच्या वरच्या कडेपर्यंत वाढवून तिथे तारे आहेत असं मानलं, तर मंगळ मागे जातच नाही. क्रमांक उजवीकडून डावीकडे ओळीने लागतात. कारण कड फार जवळ आहे, आणि पृथ्वीचं स्वतःचं सरकणंही त्या मोजमापात मिसळतं. खरे तारे इतके लांब आहेत की आपण कक्षेत कुठे आहोत याने फरक पडत नाही, फक्त रेषेची दिशा महत्त्वाची. म्हणून दुसरा कागद पहिल्याशेजारी, खालच्या कडा एका ओळीत ठेवून चिकटपट्टीने बसवा. त्यावर खाली मध्यभागी एकच बिंदू घ्या आणि पट्टीवरून गुण्या सरकवत प्रत्येक रेषेला समांतर, २० सेंमी लांबीची रेषा त्या बिंदूतून काढा. कोनमापकाने कोन मोजून काढू नका. अर्ध्या अंशाची चूकही इथे जड जाते.

आता टोकं क्रमाने वाचा. १ पासून ४ पर्यंत ती डावीकडे जातात, पण ३ आणि ४ मध्ये जेमतेम मिलिमीटरभर अंतर उरतं. हा मंगळ स्तंभी, म्हणजे ताऱ्यांमध्ये जवळपास थांबलेला. ४ पासून ८ पर्यंत टोकं सुमारे साडेपाच सेंमी उजवीकडे येतात, म्हणजे १५ अंशांहून थोडं जास्त. ८ आणि ९ पुन्हा जवळजवळ एकत्र, आणि नंतर परत डावीकडे: मंगळ मार्गी. उलट चाल ४ च्या किंचित आधी सुरू होते आणि ८ च्या किंचित नंतर संपते, म्हणजे ७२ दिवसांच्या आसपास. खरी कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने हा काळ दर वेळी थोडा बदलतो.

याच रेषा मंगळाच्या टोकाकडून वाचल्या, तर मंगळावरून पृथ्वी वक्री दिसेल, त्याच दिवसांत. बुध आणि शुक्र आपल्याला असेच वक्री दिसतात. पण तेव्हा ते सूर्याच्या बाजूला असतात, त्यामुळे निरीक्षणाला अवघड.

आकाशात बघायला पुढची चांगली संधी २०२७ ची. मंगळ १० जानेवारीच्या सुमारास पूर्वा फाल्गुनीच्या खालच्या भागात स्तंभी होईल, १९ फेब्रुवारीला प्रतियुतीत मघा या सिंह राशीतल्या ठळक ताऱ्याजवळ असेल आणि १ एप्रिलच्या सुमारास सिंह राशीच्या पश्चिम टोकाशी पुन्हा मार्गी होईल. त्याआधीच्या, म्हणजे २०२६ च्या डिसेंबरच्या सुरुवातीलाच नोंदी सुरू करा, नाहीतर वळणाचा अर्धा भाग हुकतो. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीतून सिंह आणि कर्क राशींचा नकाशा छापून घ्या, ग्रह बंद करून. आठवड्यातून एकदा मंगळाची जागा पेन्सिलने टिपा आणि बाजूला तारीख लिहा. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश, मधली तीन बोटं ५ अंश, करंगळी १ अंश. जागा नेहमी दोन ताऱ्यांपासून मोजा. एकाच ताऱ्यापासून मोजली तर बिंदू भरकटतो.

स्तंभी काळात आठवडाभरात मंगळ क्वचितच अंशभर हलतो, आणि कंटाळून नोंदी सुटतात त्या तेव्हाच. फेब्रुवारीत तो आठवड्याला अडीच-तीन अंश सरकेल. त्याच भागात गुरूही वक्री असेल, डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. तो मंगळापेक्षा ठळक आणि पांढरट, मंगळ तांबूस; मघा दोघांपेक्षा फिकी. गुरूचे बिंदू वेगळ्या रंगाने टिपले तर त्याची चाल जेमतेम १० अंशांची निघेल. ग्रह जितका दूर, तितकं त्याचं मागे सरकणं लहान.

बिंदू जोडल्यावर रेषा स्वतःवरच परत न येता बाजूला वळलेली दिसेल. ही मोजमापातली चूक नव्हे. मंगळाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी १.८५ अंशांनी कललेली आहे, म्हणून परतीची वाट थोडी वर किंवा खाली पडते.