रेडिओवर डान्स शो करायचाय त्यांच्यासाठी

रात्रीचा डान्स शो मागायला येणारी मुलं आधी सॉफ्टवेअर कुठलं ते विचारतात, मग क्लबात वाजवायला मिळेल का ते. गाणं ऐकायचं कसं, हे कुणी विचारत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मुंबईत खासगी एफएम नवं होतं तेव्हापासून मी आरजे म्हणून काम केलं. त्यातला बराच काळ रिमिक्स अल्बमांच्या संगतीत गेला. जुनी गाणी ऐकत वाढलेली मी, आमच्या घरी सकाळ विविध भारतीवर सुरू व्हायची. त्यामुळे ही संगत मी शोधत गेले नव्हते. पण आज कुणी विचारलं की रेडिओचं काम कुठे शिकलीस, तर उत्तर हेच देते: रिमिक्सच्या सीडींवर.

तो काळ थोडा सांगायला हवा. २००१ मध्ये बंगळुरूत रेडिओ सिटी सुरू झालं आणि २००२ मध्ये मुंबईत एकामागोमाग खासगी स्टेशनं उघडली. नेमक्या त्याच वर्षी 'काँटा लगा' आलं. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी'मधलं, मजरूह सुलतानपुरींचे शब्द, पंचमचं म्हणजे आर. डी. बर्मन यांचं संगीत, लताबाईंचा आवाज. नवं रूप 'डीजे डॉल' या नावानं टी-सिरीजनं काढलं, आणि शेफाली जरीवाला रातोरात घराघरांत पोचली. मग काय, पूरच आला. म्युझिक कंपन्यांची माणसं आठवड्याला सीडींचा गठ्ठा घेऊन यायची आणि म्युझिक मॅनेजर तो गठ्ठा रात्रीच्या माणसाकडे सरकवायचा. दिवसाच्या शोला प्लेलिस्ट ठरलेली असायची, आरजेनं फक्त बोलायचं. रात्री थोडी मोकळीक होती. ती मोकळीक हवी म्हणून मी गठ्ठा घरी न्यायला लागले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की रेडिओ रिमिक्सला उघडं पाडतो. टीव्हीवर ती गाणी व्हिडिओच्या जिवावर चालायची. रेडिओवर व्हिडिओ नाही. उरतो तो ठेका, बेस आणि कुणातरी नवख्या गायिकेचा आवाज. गठ्ठ्यातला बहुतेक माल या परीक्षेत नापास व्हायचा, हे आजही बेधडक सांगते. मूळ गाण्याखाली एकच ढाचा, प्रत्येक अंतऱ्याआधी एकच फिल, म्हणजे ड्रमचा छोटा तुकडा, मध्येच इंग्रजी रॅपच्या चार ओळी. पण ज्या दोन-चार ट्रॅकमध्ये कुणी खरंच डोकं चालवलं होतं, ते पुन्हा पुन्हा ऐकताना मला गाण्याची बांधणी दिसायला लागली. मूळ गाणं ऐकताना आपण सुरात वाहून जातो. रिमिक्समध्ये जोड कुठे आहे ते दिसतं.

आता गणित, कारण ते आल्याशिवाय पुढचं काही जमणार नाही. नाचाच्या गाण्याचा वेग बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती ठोके. आणि रिमिक्स सहसा ३२ ठोक्यांच्या घरांत बांधलेलं असतं. घर संपलं की काहीतरी बदलतं: हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) येतो, बेस सुरू होतो, आवाज लागतो. १२८ बीपीएमच्या ट्रॅकमध्ये ३२ ठोके बरोबर १५ सेकंदांत बसतात आणि ६४ ठोके ३० सेकंदांत. १२० ला तेच ३२ ठोके १६ सेकंद घेतात, ९६ ला २०. हे पाठ करा. स्टेशनवर लिंक, म्हणजे गाण्यांच्या मधलं आरजेचं बोलणं, १५ सेकंदांत आटप असं सांगतात तेव्हा नवा आरजे घड्याळाकडे बघत बोलतो आणि शेवटचं वाक्य घाईत गिळतो. ठोके मोजणाऱ्याला घड्याळ लागत नाही. ज्यांनी तबला शिकलाय त्यांना हे फार सोपं जातं. ३२ ठोके म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं. सम येते तिथे तुमचं वाक्य संपलं पाहिजे आणि गायिकेचा आवाज सुरू झाला पाहिजे.

सराव असा करा. एखाद्या रिमिक्सचा लांब अवतार घ्या, सहा-सात मिनिटांचा. लांब अवतारात सुरुवातीला नुसता ठेका असतो. तो ठेवलेला असतो डीजेला मागच्या गाण्यात जोडता यावा म्हणून, पण आपल्याला तो बोलण्यासाठी वापरता येतो. गाणं लावा, आठ ठोके काहीच बोलू नका, मग गाण्याची एक गोष्ट सांगा आणि आवाज यायच्या आधी चार ठोके गप्प व्हा. त्या चार ठोक्यांच्या रिकाम्या जागेत सगळी गंमत आहे. आवाजाला घासून बोलणं संपवणारे आरजे हुशार वाटतात, पण ऐकणाऱ्याला दम लागतो. सगळं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच रात्री नको. त्या रात्री आपण स्वतःवर खूश असतो.

गाणी निवडताना स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर अजिबात विसंबू नका. तुमचा श्रोता टॅक्सीत, स्वयंपाकघरात, वॉचमनच्या केबिनमध्ये किंवा फोनवर ऐकतोय. फोनच्या स्पीकरला खालचा बेस झेपतच नाही. त्यातून एफएमवर आवाज साधारण १५ किलोहर्ट्झपर्यंतच जातो, आणि स्टेशनचा प्रोसेसर हळू-मोठं सगळं दाबून एका पातळीवर आणतो. क्लबमध्ये जो ट्रॅक छातीत धडधडतो तो अशा वेळी नुसता टिकटिक वाजतो. म्हणून माझा नियम साधा होता: बेस काढून टाकला तरी गाणं उभं राहतं का? राहत असेल तर प्लेलिस्टला, नाहीतर परत गठ्ठ्यात. आवाज, टाळ्या, हार्मोनियम, व्हायोलिनचा एखादा तुकडा, असं मधल्या पट्टीत काहीतरी लागतंच.

आता रिमिक्स म्हणून आपल्याकडे जे खपलं त्यातलं किती खरं रिमिक्स होतं, हे आरजेला माहीत असायला हवं. खऱ्या रिमिक्सला मूळ ध्वनिमुद्रणाचे वेगवेगळे ट्रॅक लागतात: गायकाचा आवाज वेगळा, ताल वेगळा. आपल्या जुन्या फिल्मी गाण्यांचं रेकॉर्डिंग वाद्यवृंद आणि गायक एकत्र बसवून व्हायचं, त्यामुळे बहुतेक वेळा असे सुटे ट्रॅक नव्हतेच. शिवाय माणसांनी वाजवलेला ठेका कणभर मागेपुढे होतो. त्याच्याखाली मशीनचा ठोका टाकला की तिसऱ्या ओळीला दोघांची फारकत. मग गाणं पुन्हा गाऊन घ्यायचं. कायद्यानंही तीच वाट सोपी होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सोय होती की मूळ रेकॉर्डिंगनंतर दोन वर्षं उलटली की नोटीस आणि रॉयल्टी देऊन त्याच गाण्याचं नवं रेकॉर्डिंग करता येतं. 'व्हर्जन' गाण्यांच्या कॅसेटी याच वाटेनं आल्या आणि रिमिक्सचा मोठा भागही. २०१२ च्या दुरुस्तीनं ही सोय नव्या ३१सी कलमात गेली, मुदत पाच वर्षांची झाली आणि गाण्यात मनमानी बदल करायला अटकाव आला.

फरक कळायला १९८१ च्या 'ज्योती'मधलं 'थोडा रेशम लगता है' घ्या. संगीत बप्पी लाहिरींचं, आवाज लताबाईंचा. हॅरी आनंदनं मुंबईत ते नव्या आवाजात बांधलं, 'कलियों का चमन' म्हणून ते गाजलं. तिकडे अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या २००२ च्या 'अॅडिक्टिव्ह'मध्ये डीजे क्विकनं थेट लताबाईंचा आवाजच उचलून लूप केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी लाहिरींना श्रेय दिल्याशिवाय अल्बमची विक्री होऊ दिली नाही. एकाच गाण्याच्या या दोन रूपांपैकी एक व्हर्जन, दुसरं सॅम्पल. मी ही दोन्ही आणि मूळ, तिन्ही एका शोमध्ये लावायचे. लोकांना ते फार आवडायचं.

मूळ गाण्याचं नाव, चित्रपट, साल, संगीतकार, गीतकार, गायक हे रिमिक्सच्या लिंकमध्ये आलंच पाहिजे. यात मी कधी तडजोड केली नाही. सीडीच्या कव्हरवर डीजेचं नाव मोठ्या अक्षरांत आणि मजरूहसाहेबांचं नाव भिंगानं शोधावं लागे. ते काम मग रेडिओनं करायचं.

कारण फोन येतातच. "ताई, मराठी ना तुम्ही? मग आशाबाईंच्या गाण्याची ही विटंबना कशी चालते तुम्हाला?" डोंबिवलीच्या एका काकांचा हा ठरलेला फोन. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "काका, मूळ गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलंत?" काका थांबेनात. इराण्याच्या हॉटेलातला ज्यूकबॉक्स, चार आणे, सगळं आलं. पुढच्या वेळेपासून रिमिक्सच्या आधी असा एक श्रोता हवेवर घ्यायला लागले. तक्रार करणारा माणूस बहुतेक वेळा गाण्याचा सगळ्यात जाणकार श्रोता असतो, त्याला फोनवर 'थँक यू सर' म्हणून वाटेला लावू नका. आणि काकांना सांगायला एक माहिती जवळ ठेवा: आशाबाईंनी स्वतः नव्वदच्या दशकात संगीतकार लेझली लुईसबरोबर पंचमच्या गाण्यांची नवी रूपं केली होती, 'राहुल अँड आय' या अल्बमात. लताबाईंचा मात्र रिमिक्सला विरोध होता आणि तो त्यांनी जाहीरपणे नोंदवला. दोन बहिणी, दोन मतं. श्रोत्यांनाही दोन मतं असू द्या.

हा वाद रेडिओला नवा नाही म्हणा. पन्नासच्या दशकात बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवर फिल्मी गाणीच हद्दपार झाली आणि सगळा देश रेडिओ सिलोन लावून बसला. १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली ती त्यामुळेच. ज्या गाण्यांना आज पवित्र मानून रिमिक्सला नावं ठेवतात, तीच गाणी तेव्हा हलकी ठरली होती.

मराठी गाण्यांच्या रिमिक्सबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं, इथे एवढंच. कोळीगीतं बहुधा सहाच्या झोकात चालतात. त्यांच्यावर चारचा सरळ किक (मोठ्या ड्रमचा ठोका) टाकला की लाट सपाट होते. चांगला डीजे किक पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवतो आणि मधल्या मात्रा ढोलकीला सोडतो. हळदीच्या मांडवात कुठला ट्रॅक लागल्यावर आजीसुद्धा उठते, ते नीट बघा. ते ज्ञान कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही.

बाहेरचं ऐकाल तर रेडिओशी नातं असलेल्यांपासून सुरुवात करा. न्यूयॉर्कच्या किस एफएमवर शेप पेटिबोन ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मास्टरमिक्स, म्हणजे गाणी जोडून केलेली सलग मिश्रणं, करायचा. रेडिओसाठी टेप कापता कापता तो रिमिक्सकार झाला आणि १९९० मध्ये मॅडोनाच्या 'व्होग'चा सहनिर्माता. बीबीसी रेडिओ १ वर पीट टाँगचा 'एसेन्शियल मिक्स' १९९३ पासून आहे. दोन तासांचं सलग मिक्स कसं चढतं-उतरतं ते त्यात ऐका. आणि अॅनी नाइटिंगेल. १९७० मध्ये रेडिओ १ ची पहिली स्त्री निवेदक झालेली ही बाई मूळची रॉकवाली. पन्नाशीच्या आसपास तिनं अॅसिड हाउस (सिंथेसायझरवरचं एक नाचाचं संगीत) आणि क्लबचं संगीत जवळ केलं आणि पुढे ऐंशी ओलांडेपर्यंत ती नाचाची गाणी लावत राहिली. 'हे माझ्या वयाचं नाही' असं मला सांगणाऱ्यांना मी तिचं नाव सांगते. घरचं उदाहरण हवं असेल तर मुंबईचे वादक चरणजित सिंग. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवून एचएमव्हीची तबकडी काढली. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि लोक थक्क झाले, कारण ती शिकागोच्या अॅसिड हाउसच्या आधीची होती.

एक व्यावहारिक सूचना. स्टेशन गाण्यांचे पैसे भरतं ते स्वतःच्या प्रसारणासाठी. तुम्ही घरी लॅपटॉपवर केलेला मॅशअप, म्हणजे दोन गाण्यांचं एकत्र केलेलं मिश्रण, त्यात आपोआप बसत नाही. तो हवेवर लावायचा असेल तर आधी म्युझिक मॅनेजरला लेखी विचारा. इन्स्टावर टाकला आणि आवाज बंद केला गेला, तर त्यातही आश्चर्य नको.

शिरायचं कुठून? थेट मोठ्या स्टेशनच्या दारात उभं राहण्याआधी कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे संस्था-विद्यापीठांच्या छोट्या स्टेशनांवर, हात बसवा. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे, एफटीआयआयचा रेडिओ ९०.४ वर, मुंबई विद्यापीठाचा मस्ट रेडिओ १०७.८ वर. आकाशवाणीच्या हंगामी निवेदकांच्या आवाज चाचण्याही निघतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तिथे मराठी उच्चार तपासतात, आणि ते चांगलंच आहे. ळ आणि ण धड येत नसलेला डान्स शोही मला ऐकवत नाही.

डेमो दोन मिनिटांचा करा, जास्त नको. स्वतःची ओळख, छंद, 'लहानपणापासून रेडिओची आवड' हे सगळं गाळा. एक लिंक रिमिक्सच्या इंट्रोवर, त्यात मूळ गाण्याची पूर्ण माहिती. एक लिंक दोन गाण्यांच्या जोडावर, दोन्हींचा बीपीएम जवळचा असलेला. एक लिंक संगीताशिवाय, नुसत्या आवाजात. फाइलला स्वतःचं नाव द्या, 'फायनल डेमो २' नको. आणि पाठवण्याआधी ती फोनच्या स्पीकरवर, रस्त्यावर उभं राहून, बस जवळून जाताना एकदा ऐका.