डोळ्यांसाठी जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेण्यापूर्वी

मुंबईहून गावी येताना साठी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी डोळ्यांच्या गोळ्यांची बाटली आणणारी मुले कोकणात बरीच दिसतात. तिचे झाकण उघडण्याआधी डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी, कारण निरोगी डोळ्यांत पडद्याचा ऱ्हास, म्हणजे वयामुळे पडद्याच्या मधल्या भागाची होणारी झीज, सुरू होणे या गोळ्यांनी टळते, असे सिद्ध झालेले नाही. मोतीबिंदूही त्यांनी थांबत नाही. ऱ्हास मध्यम टप्प्यावर असेल, तर मात्र त्यांचा खरा उपयोग आहे. अमेरिकेतील नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या २००१ मधील अभ्यासात अशा रुग्णांचा आजार बळावण्याचा धोका ५ वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला.

वेष्टनावर दिवसाला १० मिलिग्रॅम ल्युटिन, २ मिलिग्रॅम झिॲक्सँथिन (ही दोन्ही पालेभाज्यांतली पिवळी रंगद्रव्ये), ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ८० मिलिग्रॅमपर्यंत जस्त आहे का, ते पाहावे. विडी ओढणाऱ्याने, अगदी सोडलेल्यानेही, बीटा-कॅरोटीन (गाजरातले नारिंगी रंगद्रव्य) असलेली गोळी घेऊ नये. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

परसातला शेवग्याचा पाला, माठ आणि बाजारातला बांगडा ताटात असू द्यावाच.

आठवड्यातून एकदा, वाचनाचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनांकडे पाहावे, मग दुसऱ्या डोळ्याने. एखादी सरळ रेघ वाकडी दिसली किंवा मधली तारीख पुसट झाली, तर गणपतीला मुलगा येईपर्यंत न थांबता लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे.