लेदर सीटवर तेल चोळताय? झीज आणि सुरकुत्या वाढवणाऱ्या या चुका टाळा

वापरलेली गाडी बघायला गेलो की मी किलोमीटरच्या आकड्याआधी एक गोष्ट बघतो. ड्रायव्हर सीटच्या दोन्ही बाजूंना मांडीला टेकू देणारे उंचवटे असतात ना, त्यातला दाराकडचा. बाकी सीट नव्यासारखी असली तरी तिथला रंग उडालेला असतो, खालचं फिकट चामडं डोकावत असतं आणि एखादी बारीक चीर गेलेली असते. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "अहो, दर महिन्याला कंडिशनर (चामडं मऊ ठेवायचं क्रीम) लावतो." खोटं बोलत नसतो बिचारा, खरंच लावत असतो. फक्त पुसत नसतो.

चामड्याला तहान लागलीय असं समजणं

जुन्या चामडी चपलेला तेल लावलं की ती मऊ होते, तसंच सीटचं असणार, हा आपला हिशेब. पण आजच्या बहुतेक गाड्यांमधलं लेदर उघडं नसतंच. चामडं कमावून झालं की त्यावर रंगाचा थर चढवतात आणि त्याच्यावर एक पारदर्शक थर, बहुधा पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा. आपण रोज बसतो ते या थरावर. झिजतो तोही हाच थर. कंडिशनर त्यातून फारसं आत जात नाही, वरच बसून राहतं. मग त्याला धूळ चिकटते आणि आपलं येणंजाणं त्या धुळीचा पॉलिश पेपर करून टाकतं.

आपली सीट कुठल्या प्रकारची आहे ते बघायचं असेल तर बसायच्या भागाच्या मागच्या कोपऱ्यात पाण्याचा एक छोटा थेंब ठेवा. थेंब गोल राहिला तर वर थर आहे. मुरला आणि जागा गडद झाली तर अॅनिलीन प्रकारचं, म्हणजे जवळजवळ उघडं लेदर आहे किंवा मग वरचा थर झिजलाय. उघड्या लेदरला कंडिशनरचा उपयोग होतो, पण ते डागही तितक्याच लवकर धरतं. हा थेंब सीटच्या बाजूच्या किंवा पाठीमागच्या भागावर ठेवून उपयोग नाही. 'लेदर सीट' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांत खरं चामडं अंग टेकतं तेवढ्याच भागावर असतं, बाकी सगळं रेग्झीन.

स्वयंपाकघरातलं तेल तर नकोच. ते चिकट होतं, खवट होतं, कपड्यांना लागतं. सिलिकॉनचं चकाकीवालं पॉलिश लावलं की पहिल्या ब्रेकला आपण सीटवरून पुढे घसरतो, हा अनुभव ज्यानं घेतलाय तो परत लावत नाही.

चकाकीला स्वच्छता समजणं

नव्या सीटचं लेदर मंद, मॅट असतं. चकाकणारी सीट बहुतेक वेळा मळलेली असते. घाम, अंगाचं तेल आणि धूळ मिळून तयार झालेली ती झिलई असते. खात्री करायची तर ज्या मागच्या सीटवर कधीच कोणी बसत नाही तिच्याशी ड्रायव्हर सीट ताडून बघा. मग पांढरं सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि त्या दाराकडच्या उंचवट्यावर चार वेळा फिरवा. फडक्यावर करडा-तपकिरी पट्टा उमटला तर तो मळ. सीटच्याच रंगाचा उमटला तर थांबा, रंग सुटायला लागलाय. तिथे आता घासायचं नाही.

हाताला येईल त्यानं पुसणं

कमावलेलं चामडं आणि त्यावरचा थर यांना तीव्र क्षार मानवत नाही, म्हणून कपड्यांचा आणि भांड्यांचा साबण बाद. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल वरचा थर मऊ करतं. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर रंगच उचलून नेतात. पेनाचा डाग निघाला म्हणून आनंद होतो आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघितलं तर डागाच्या जागी पांढरट चट्टा. डाग काढणारे ते पांढरे 'जादूचे' स्पंज म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपरच. डागाबरोबर वरचा थरही थोडा थोडा खरवडतात.

मी करतो ते असं. आधी व्हॅक्यूमला मऊ ब्रशचं तोंड लावून शिवणींच्या खाचा, आणि पाठ व बैठक मिळते ती फट. वाळूचे कण तिथेच दडतात, त्यामुळे हे टाळून थेट फडकं मारलं तर आपण तेच कण सीटभर फिरवतो. नंतर लेदरसाठीचा सौम्य क्लीनर. तो सीटवर नाही, ब्रशवर घ्यायचा आणि ब्रशवरच फेस करायचा. मऊ केसांचा ब्रश, वजन न देता, गोल गोल, एका वेळी वहीच्या पानाएवढी जागा. फेस करडा झाला की सुकायच्या आत मायक्रोफायबरनं टिपून घ्यायचा. सीटला छिद्रं असतील तर ब्रश जवळजवळ कोरडाच ठेवायचा. छिद्रांत गेलेला क्लीनर वाळून पांढरे ठिपके होतात, आणि खाली हीटरच्या तारा किंवा पंखा असतो. रोजची गाडी असेल तर ड्रायव्हर सीटला महिन्या-दोन महिन्यांनी एवढं पुरतं. बाकीच्या सीटना त्याहून कमी.

घसरत उतरणं

क्लीनर-बिनर सगळं बाजूला ठेवा, सगळ्यात जास्त फरक उतरण्याच्या पद्धतीनं पडतो. आपण एक पाय बाहेर टाकतो आणि मांडीचा सगळा भार त्या उंचवट्यावर देऊन घसरत बाहेर पडतो. दिवसातून चार वेळा उतरलात तर वर्षाला १,४०० च्या वर घासण्या, तेही एकाच वितीएवढ्या जागेत. त्यात जीन्सच्या खिशाचे धातूचे खिळे, पट्ट्याचं बक्कल, मागच्या खिशातल्या किल्ल्या.

सीट थोडी मागे घ्या, दोन्ही पाय बाहेर काढा आणि मग उठा. सीट खाली-वर होत असेल तर थोडी उंच ठेवूनच चालवा. बैठक खोल असली की बाहेर पडताना उंचवटा ओलांडावा लागतो. पहिले आठ दिवस विचित्र वाटतं, नंतर सवय होते.

सुरकुती दिसली की घाबरणं

चामडं ताणतं. बसलं की खालचा फोम दबतो, लेदर खोलगट होतं, उठल्यावर फोम वर येतो पण ताणलेलं लेदर पूर्ण मागे जात नाही. ते जास्तीचं लेदर कुठेतरी जाणारच, तीच सुरकुती. नव्या गाडीत काही आठवड्यांतच दिसते आणि त्यात दोष काही नाही. सुरकुतीवर नख हलकेच आडवं फिरवा. नख सरकलं तर सुरकुती, अडकलं तर चीर. काळजी चिरेची करायची. सुरकुतीच्या घडीत मळ साचू दिला की पुढे चीर पडते, म्हणून पुसताना दोन बोटांनी लेदर ताणून घडीचा तळ पुसायचा.

हेअर ड्रायरनं सुरकुत्या घालवायचे व्हिडिओ बघून मीही तो उद्योग केला होता. ओल्या फडक्यानं पुसलं आणि लगेच गरम झोत जवळ धरला. नाण्याएवढी जागा आकसून कडक झाली, ती आजही तशीच आहे. ओलं चामडं कोरड्यापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेत आकसतं, हे मला नंतर कळलं. करायचंच असेल तर सीट पूर्ण कोरडी, झोत कोमट, अंतर एक हात आणि दुसऱ्या हातानं लेदर बाहेरच्या बाजूला ओढत राहायचं. स्वतःच्या हाताला चटका बसला तर सीटलाही बसतोय. एवढं करूनही सुरकुती फिकी होईल, जाणार नाही. लेदर पिशवीसारखं सैल पडलं असेल तर मुळात फोम बसलाय. सीटचं काम करणारा कारागीर कव्हर उतरवून फोमवर नवा पातळ थर देतो, वर लेदर ताणून बसतं. क्रीमनं हे होत नाही.

उन्हाचंही बघा. कडक उन्हात बंद गाडीच्या आत ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान जाऊ शकतं. रंग विटतो, चामडं कोरडं पडून कडक होतं. सावली मिळाली तर उत्तम, नाहीतर काचेवर आडोसा.

लहान मुलांच्या सीटखाली मऊ चटई टाका, पण ती चालेल का हे त्या सीटच्या माहितीपुस्तकात बघून. नव्या गडद जीन्सचा निळा रंग फिक्या सीटवर उतरतो. ताजा असताना निघतो, महिनाभर राहिला तर मुरतो. सीट कव्हर घालणार असाल तर सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण आहे का ते आधी बघा. साधं कव्हर त्या एअरबॅगच्या वाटेत येतं.

आणि रंग उडालाच असेल तर थर जाऊन चामडं नुसतं फिकट दिसतंय तोवरच काम करून घ्या. तेवढी जागा साफ करून, तेलकटपणा काढून, रंग आणि वरचा थर पुन्हा चढवता येतो. चीर पडली की आधी भराव, मग घासणं, मग रंग. आणि ती जागा रोज वाकणारी असली तर भराव पुन्हा फाटतो. कारागिराकडे नेण्याआधी आठ-दहा दिवस तिथे कंडिशनर अजिबात लावू नका, त्यावर रंग धरत नाही.