नवा साउंड सर्व्हर तपासताना या चुका टाळा

27 एप्रिल 2021 ला फेडोरा या लिनक्स सिस्टिमची 34 वी आवृत्ती आली आणि डेस्कटॉपवर पल्सऑडिओ या जुन्या साउंड सर्व्हरची, म्हणजे अ‍ॅप्स आणि साउंड कार्ड यांच्यात आवाजाची ने-आण करणाऱ्या प्रोग्रॅमची, जागा पाइपवायरने घेतली. एवढा मोठा बदल रिलीजआधी नीट तपासला गेला नाही, तर त्रास सामान्य वापरणाऱ्यांना होतो. म्हणून पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या या चुका.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे नवा घटक खरंच चालू आहे का, हे न पाहता ‘पास’ लिहून टाकणं. आमच्या गटातल्या एका उत्साही मुलाने पॅकेज बदललं, गाणं लावलं आणि पाच मिनिटांत रिपोर्ट टाकला: आवाज, माइक, सगळं झकास. मी त्याच्याकडून पीएसीटीएल इन्फो या, साउंड सर्व्हरची माहिती दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट मागवलं. सर्व्हर नेमच्या ओळीत नुसतं ‘पल्सऑडिओ’ होतं. पॅकेज काढलं तरी आधीपासून चालू असलेली प्रोसेस मेमरीत राहते. लॉगआउट न केल्यामुळे त्याने सगळी चाचणी जुन्याच सर्व्हरवर केली होती. पाइपवायर चालू असेल तर त्या ओळीत ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर ...)’ असं आणि पुढे आवृत्तीचा आकडा दिसतो. पल्सऑडिओ हे नाव दोन्हीकडे असतं, त्यामुळे ओळ शेवटपर्यंत वाचा. मी तर मशीन सरळ रीबूट करते आणि ही ओळ रिपोर्टमध्ये सगळ्यात वर चिकटवते. ती नसलेला ‘पास’ मी मोजत नाही.

फक्त लाइव्ह यूएसबीवर, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवलेल्या सिस्टिमवर, तपासून मोकळं होणं हाही माझ्या मते पळवाटीचाच प्रकार. कोऱ्या सिस्टिमवर बहुतेक गोष्टी चालतातच. लोक मात्र जुनी सिस्टिम अपग्रेड करतात आणि त्यांच्या होम फोल्डरमध्ये वर्षानुवर्षांची सेटिंग्ज असतात. पल्सऑडिओच्या डीफॉल्ट डॉट पीए या सेटिंग्जच्या फाइलमध्ये कुणी प्रतिध्वनी काढून टाकणारं इको कॅन्सल मॉड्यूल घातलेलं असतं. पाइपवायर ती फाइल वाचतच नाही. लाइव्ह यूएसबीवर हे कधीच कळणार नाही. मी रोजच्या लॅपटॉपच्या डिस्कची प्रत काढते आणि ती अपग्रेड करून पाहते. वेळ लागतो, पण खरे बग तिथेच सापडतात.

ब्लूटूथ हेडफोनवर नुसतं गाणं ऐकून थांबू नका. कॉल लावा, कारण माइक सुरू झाला की हेडसेट ए-टू-डीपी हे गाणी ऐकण्याचं प्रोफाइल सोडून वेगळ्या प्रोफाइलवर जातो आणि गडबड नेमकी त्या अदलाबदलीत होते.

लॅपटॉप झोपवून उठवा. एचडीएमआय काढून लावा. दोन्हीनंतर आवाज येतो का, ते बघा.

एकाच वेळी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाही, अपडेट करू नका. मग दोष कुणाचा, ते ठरवत बसावं लागतं.

परत जुन्यावर कसं जायचं, ते आधी करून बघा. फेडोराच्या डीएनएफ या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या स्वॅप कमांडने पाइपवायर-पल्सऑडिओ हे पॅकेज काढून पल्सऑडिओ बसवता येतं.

आणि ‘आवाज येत नाही’ एवढाच बग कृपा करून टाकू नका. साउंड कार्ड कोणतं, पाइपवायरची आवृत्ती कोणती, आवाज कोणत्या कृतीनंतर गेला, हे लिहा. सोबत पाइपवायर आणि पाइपवायर-पल्स या दोन्ही सर्व्हिसेसचा त्या वेळचा जर्नल, म्हणजे सिस्टिमने ठेवलेली नोंद, जोडा.