स्वस्तातला ब्रिटिश राक्षस मित्रांना कसा दाखवावा

१९५०च्या दशकातले कमी पैशांत काढलेले ब्रिटिश राक्षसपट मित्रांना दाखवायचे, तर चांगली प्रिंट मिळवा, खोलीत अंधार करा, फोन बाजूला ठेवायला लावा. एवढं तुम्हाला कळतंच.

सुरुवात ‘डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स’ने (१९५४) करू नका. ‘इतका वाईट की मजा येते’ म्हणणारे नेमका तोच सुचवतात. फ्रिजला पाय फुटल्यासारखा त्यातला यंत्रमानव एकदा पाहिला की मंडळी पुढे कशालाही हसतात. पहिला लावा हॅमर कंपनीचा ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ (१९५५). शीर्षकातल्या ‘एक्स्पेरिमेंट’मधला पहिला इंग्रजी ‘ई’ मुद्दाम गाळलाय. १६ वर्षांखालच्यांना बंदी असलेलं ‘एक्स’ प्रमाणपत्र त्यांना मिरवायचं होतं.

आता खरी गोची. राक्षस लवकर येतच नाही. पैसे नव्हते, म्हणून तो लपवला. पहिल्या खेपेला मी घाबरून दर दहा मिनिटांनी ‘थांबा, येतोय’ म्हणत राहिलो. वर शहाणपणा करून आधीच सांगून बसलो, की शेवटच्या प्राण्यासाठी स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या लेस बोवीने जनावराची वजडी वापरली होती. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमध्ये तो प्राणी दिसला आणि मागून कुणीतरी ओरडलं, ‘वजडी!’ संपली संध्याकाळ.

तेव्हापासून मी सिनेमाआधी एकच वाक्य बोलतो: त्या माणसाच्या हाताकडे बघा. अंतराळातून परतलेला, जवळजवळ मुका झालेला कॅरून रिचर्ड वर्ड्‌सवर्थने नुसत्या चेहऱ्यावर आणि खांद्यांवर पेललाय. तो निवडुंगावर हात आपटतो, मग तो हात कोटात लपवून लंडनभर फिरतो. बाहुली घेऊन खेळणाऱ्या मुलीसमोर तो उभा राहतो तेव्हा खोलीत कुणी चिवडाही चावत नाही. राक्षस तोच आहे, आणि तो केव्हाचा पडद्यावर आहे. हे तुम्ही समजावून सांगायचं नाही. गप्प बसायचं. मला ते जमायला चार खेपा लागल्या.

पुढच्या आठवड्यात ‘एक्स द अननोन’ (१९५६): स्कॉटलंड, किरणोत्सारी चिखल. मग ‘फीन्ड विदाउट अ फेस’ (१९५८). त्यात राक्षस बराच वेळ अदृश्य, म्हणून आवाज मोठा ठेवा. शेवटी पाठीच्या कण्यासकट सरपटणारे मेंदू दिसतात.

‘द ट्रोलेनबर्ग टेरर’ (१९५८) सगळ्यात शेवटी. त्यातला भयानक ढग म्हणजे डोंगराच्या फोटोवर लावलेला कापूस. तिथे हसू द्या. हसून झालं की वजडीचं सांगा.