लेखन अडल्यावर या चुका टाळा

लेखन अडले की बहुतेक जण थेट स्वतःच्या प्रतिभेवर संशय घेतात, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी १९४० च्या दशकात 'रायटर्स ब्लॉक'ची कारणे लेखकाच्या अंतर्मनात शोधली. परंतु आपल्या टेबलावरची अडचण पुष्कळदा त्याहून फार साधी असते.

समजा, काटोलकडच्या संत्र्याच्या बागेवरील कथा फेब्रुवारीतील तोडणीच्या प्रसंगाशी येऊन थांबली आहे. तो माल मृग बहाराचा, म्हणजे उन्हाळ्यात झाडांना पाण्याचा ताण देऊन पावसाच्या आरंभी फुलवलेला. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस फुललेल्या झाडांची फळे त्याआधीच, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरलेली असतात. हे लेखकाला ठाऊक नसेल, तर आदल्या मे महिन्यात बागायतदाराने काय सोसले आणि आता व्यापाऱ्याशी तो कोणत्या सुरात बोलेल, हे सुचणार तरी कसे? अशा वेळी कोऱ्या कागदासमोर बसून राहण्यापेक्षा एखाद्या बागायतदाराशी तासभर बोलून यावे.

माहिती पुरेशी असूनही गाडे हलत नसेल, तर अडलेल्या वाक्यालाच घासत बसू नये. दोन पाने मागे जाऊन पाहावे. एखाद्या पात्राकडून त्याच्या स्वभावाविरुद्ध काही करवून घेतलेले असते, किंवा लेखातील एक मुद्दा पक्का न करताच त्यावर पुढचा रचलेला असतो. तेथून पुढचा मजकूर बाजूला काढून ठेवावा (फाडू मात्र नये, त्यातील संवाद बहुधा कामी येतात) आणि तो भाग नव्याने लिहावा.

पहिल्याच खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसण्याची आणि अपुरी कथा धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर रंगवून सांगण्याची सवयही सोडावी. सांगून झालेली कथा लिहिण्याची ओढ उरत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा दुपारी कूलरसमोर बसून लिहिण्याचा हट्ट करण्याऐवजी पहाटेची वेळ धरावी. झोप आणि भूकही अनेक आठवडे हरपली असेल, तर मात्र डॉक्टरांना भेटावे.

दिवाळी अंकासाठी कबूल केलेले लेखन रखडले असेल, तर संपादकांना आधीच कळवावे, म्हणजे त्यांना पानांची दुसरी व्यवस्था करता येते. मुदतीच्या दिवशी फोन बंद ठेवणाऱ्या लेखकाला पुढच्या वर्षी निमंत्रण येण्याची शक्यता तशी कमीच.